हिऱ्याचा पापुद्रा

वाचकहो, या सदरात आजवर दही झालं, साबण झाला. यंदा जरा धीर करून विषय घेतलाय तो आपल्याच आल्बुकर्कीतल्या संशोधनाचा: लेझरने बनवलेला हिऱ्यासारखा कार्बन. मी मराठीची एम.ए., शाळेत शिकवलं तेही मराठीच. तेव्हा मला जेवढं समजलं तेवढंच सांगते.

शिसपेन्सिलीत शिसं नसतं, असतो ग्राफाइट, म्हणजे कार्बन. हिराही कार्बनच. फरक आहे तो हात धरण्यात. ग्राफाइटमधला अणू तीन शेजाऱ्यांचे हात धरतो आणि त्यांच्या चादरी बनतात. त्या एकमेकींवरून घसरतात, म्हणून पेन्सिल कागदावर उमटते. हिऱ्यात प्रत्येक अणूने चौघांना घट्ट धरलेलं असतं.

तिघांचे चौघे करायचे कसे? निर्वात पेटीत ग्राफाइटचा तुकडा ठेवून त्यावर अतिनील लेझरचे ठोके मारतात. एक ठोका साधारण २० नॅनोसेकंदांचा, आणि नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. एवढ्याशा वेळात इतकी ऊर्जा मिळाल्यावर पृष्ठभागावरच्या कार्बनचा तप्त झोत उडतो. समोर सिलिकॉनची चकती असते. अणू तिच्यावर नुसते बसत नाहीत, वेगाने आत घुसतात, दाटी करतात आणि त्या दाटीत बरेच जण चौथा हात धरतात. स्फटिकाची शिस्त मात्र नसते, म्हणून हा हिरा नाही, हिऱ्यासारखा. चकती गारच ठेवावी लागते. ती तापलेली असली की अणू ऐसपैस पसरतात आणि पुन्हा ग्राफाइट!

हे सगळं फोनवर ऐकून सासूबाईंनी विचारलं, "मग अंगठीत बसवता येईल का गं?" नाही. हा थर केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी पातळ. आणि खरी अडचण तिथेच होती. दाटीमुळे थरात प्रचंड ताण साठतो, हवेच्या दाबाच्या हजारो पट. थर थोडा जाड झाला की भिंतीचा रंग सुटावा तसा पापुद्रा सुटून येतो. ज्या दाटीने कठीणपणा दिला, तीच त्याला टिकू देत नाही.

१९९७ साली आपल्या गावातल्या सँडिया प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी यावर उपाय प्रसिद्ध केला. पातळ थर गारच वाढवायचा, मग थांबून तो काही मिनिटं सुमारे ६०० अंश सेल्सिअसला तापवायचा. अणू किंचित सरकून बसतात, ताण उतरतो, कठीणपणा जवळपास तसाच राहतो. मग पुढचा थर. घडताना जी उष्णता घात करते, तीच घडून झाल्यावर सावरते. संक्रांतीचा काटेरी हलवा केलेल्यांना हे लगेच कळेल. चमचाभर पाक, मंद आच, हाताने हलवत राहायचं, कोरडं होऊ द्यायचं, मगच पुढचा चमचा. सगळा पाक एकदम ओतला तर काटा येत नाही, गोळा होतो.

अणूंवरून मुलांबद्दल काही सिद्ध होत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी हे वाचताना आपल्या मंडळातली दोन-तीन मुलं डोळ्यांपुढे आली. शनिवारी तबला, रविवारी मराठी, मध्ये गणिताचा क्लास. दहाव्या वर्षी श्लोक घडाघडा म्हणणारी ही मुलं तेराव्या वर्षी आजीशीही मराठी बोलेनाशी झाली. थर लावणं बंद करा, असं मी म्हणत नाही. मी स्वतः शिक्षिका होते, मला ते जमणारही नाही. पण दोन थरांच्या मध्ये आपण किती थांबतो? वर्गातून घरी येताना गाडीत "आज काय शिकलास?" न विचारता नुसत्या गप्पा मारल्या, तर त्याही मराठीतच होतील की.

या दिवाळीत एवढं करून बघूया. फराळाचा डबा उघडल्यावर मुलांना चकलीचं स्पेलिंग नको, चकली द्यावी.