संयोगभूमीचा धडा

"दोन मोठ्या भूभागांस जोडणारी जमिनीची चिंचोळी पट्टी म्हणजे संयोगभूमि" ही व्याख्या आमचे विद्यार्थी पाठ करितात, परीक्षेंत लिहितात आणि विसरून जातात. परंतु पनामाची संयोगभूमि एका ओळींत आटोपण्याजोगी खास नाहीं.

सुमारें ३० लक्ष वर्षांपूर्वीं ही पट्टी समुद्रांतून पुरती वर आली, असें बहुतेक भूगर्भशास्त्रज्ञ मानितात. त्या योगें दोन्ही अमेरिका जोडल्या गेल्या. आर्माडिलो, साळिंदर वगैरे प्राणी उत्तरेकडे गेले; घोडे, हरिणें व मार्जारकुलांतील श्वापदें दक्षिणेकडे उतरलीं. पण जिनें भूचरांस पूल दिला, तिनेंच जलचरांपुढें भिंत उभी केली. दोन महासागरांत विभागलेल्या जलचरांच्या पुढें निरनिराळ्या जाती झाल्या.

मनुष्यानें ही भिंत कापून १९१४ सालीं कालवा खुला केला. चाग्रेस नदीस बांध घालून गातून सरोवर झालें आणि एका टेकडीचें बारो कोलोरादो बेट बनलें. कालव्याच्या जुन्या मार्गानें एक जहाज जातांना सुमारें २० कोटि लिटर गोडें पाणी खर्च होतें. हें पाणी पावसाचें. २०२३ सालीं पाऊस उणा पडतांच जहाजांची संख्या घटवावी लागली.

पूर्वेस दारिएनचें अरण्य आहे. अलास्कापासून आर्जेंटिनापर्यंतचा महामार्ग तेथें सुमारें १०० किलोमीटर तुटलेला आहे. तो जोडावा काय? व्यापारी म्हणतात, जोडावा. शिवाय २०२३ सालीं ५ लाखांहून अधिक स्थलांतरितांनीं हें अरण्य पायीं ओलांडलें आणि त्यांत कित्येकांनीं प्राण गमावले. हा आक्षेप हलका नव्हे. तथापि ज्या दैन्यानें व जुलमानें त्यांस घर सोडावयास लाविलें, तें रस्त्यानें नाहींसें होणार नाहीं; त्यांस आसरा देणें हें राज्यांचें कर्तव्य आहे. उलट रस्त्यामागून कुऱ्हाड येईल, एंबेरा, वौनान व गुना लोकांच्या वस्त्या उठतील, आणि गुरांच्या लाळ-खुरकुतासारख्या रोगांस उत्तरेची वाट मोकळी होईल. म्हणून हा मार्ग तुटलेलाच राहावा, असें आमचें स्पष्ट मत आहे.

विद्यार्थ्यांनीं नकाशा पाहतांना ही भूमि काय जोडते याबरोबरच काय अडविते, हेंही विचारावें. आणि पालकांस आमची विनंति आहे कीं, भूगोलांत गुण किती मिळाले एवढेंच न पुसतां, त्यांनीं एखादे वेळीं मुलांसमवेत नकाशा उघडून बसावें.