खेळ विकत घेतला. आपला झाला का?

टीव्हीला जोडून खेळायच्या व्हिडिओ गेमच्या यंत्रात, म्हणजे मुले ज्याला 'कन्सोल' म्हणतात त्यात, काय सुधारणा हव्यात? कंपनीच्या जाहिरातीला विचारले तर उत्तर ठरलेले आहे : चित्र अधिक रेखीव, वेग अधिक, साठवण अधिक. खेळणाऱ्यांनाही हे सारे हवेच असते. पण त्यांना जरा बोलते केले की यादी वेगळ्याच वाटेने जाते. हातातला रिमोट टिकाऊ हवा. जुने खेळ नव्या यंत्रावर चालायला हवेत. घेतलेला खेळ मित्राला देता यायला हवा. या मागण्या वरवर करमणुकीच्या वाटतात. मला मात्र त्या मालकीच्या वाटतात.

आधी रिमोटचे पाहू. निन्टेन्डो कंपनीचे 'स्विच' हे यंत्र 2017 मध्ये आले आणि लवकरच एक तक्रार जगभर ऐकू येऊ लागली. कळीला बोटही न लावता पडद्यावरचे पात्र आपोआप एका बाजूला चालू लागते! आतला पट्टा सततच्या घर्षणाने झिजतो, म्हणून हे घडते. 2019 मध्ये अमेरिकेत यावरून दावा दाखल झाला आणि 2020 मध्ये कंपनीच्या अध्यक्षांनी ग्राहकांना झालेल्या त्रासाबद्दल दिलगिरी व्यक्त केली. यावर उपाय नाही असे नाही. चुंबकाच्या साह्याने चालणाऱ्या कळीत घर्षणाचा प्रश्नच येत नाही आणि सेगा कंपनीच्या 1998 च्या 'ड्रीमकास्ट'मध्ये ती होतीही. तरी 2025 मध्ये आलेल्या 'स्विच 2'मध्ये ती नाही. शिलाई मशीनचा झिजलेला पट्टा बदलून तेच मशीन पुढची वीस वर्षे चालवणाऱ्या आपल्या घरांना हा हिशेब पटणे कठीण आहे.

दुसरी मागणी जुन्या खेळांची. सोनीच्या 2000 सालच्या 'प्लेस्टेशन 2'वर आधीच्या प्लेस्टेशनच्या तबकड्या चालत. हे यंत्र सोळा कोटींच्या आसपास खपले, त्यात या सोयीचाही वाटा असणारच. पण 2013 च्या 'प्लेस्टेशन 4'ची अंतर्गत रचना इतकी वेगळी होती, की त्यावर 'प्लेस्टेशन 3'च्या तबकड्या चालेनात. कपाटभर खेळ एका फटक्यात जुन्या यंत्राचे बांधील झाले. 2020 च्या 'प्लेस्टेशन 5'ने आधीच्या पिढीचे बहुतेक सगळे खेळ चालवून दाखवले, तेव्हा खेळणाऱ्यांना झालेला आनंद समजण्यासारखा आहे.

तिसरी मागणी सर्वांत महत्त्वाची. आता खेळ तबकडीवर न येता थेट इंटरनेटवरून यंत्रात उतरतो. भारतात 'प्लेस्टेशन 5' 2021 च्या फेब्रुवारीत आले, तेव्हा तबकडीवाले यंत्र 49,990 रुपयांना होते आणि बिनतबकडीचे 39,990 ना. दहा हजार रुपये वाचले, असे वाटते. पण त्या दहा हजारांबरोबर खेळ उसना देण्याचा, जुना झाल्यावर विकण्याचा, धाकट्या भावंडाकडे सोपवण्याचा हक्कही गेला, हे पावतीवर कुठे लिहिलेले नसते.

बँकेत मी बरीच वर्षे कर्जाच्या फायली हाताळल्या. वाहनकर्जात गाडी दारात उभी असते, पण आरसी पुस्तकावर बँकेचा बोजा असतो; हप्ते फिटले की तो उतरतो. या खेळांचे उलटे आहे. पैसे पहिल्याच दिवशी पूर्ण भरायचे आणि बोजा मात्र कधीच उतरत नाही. कारण आपण घेतो तो खेळ नसतो, वापराचा परवाना असतो. युबिसॉफ्ट कंपनीने 'द क्रू' या मोटारशर्यतीच्या खेळाचे सर्व्हर 31 मार्च 2024 रोजी बंद केले आणि पैसे मोजून घेतलेला तो खेळ कोणालाच खेळता येईना. यातून युरोपात जी नागरिक-मागणी उभी राहिली, तिच्यावर 2025 पर्यंत दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. कॅलिफोर्निया राज्यात 1 जानेवारी 2025 पासून दुकानदाराला सांगावेच लागते, की ही खरेदी नव्हे, परवाना आहे.

1990 च्या दशकात आपल्याकडे घरोघर आलेली यंत्रे बहुतांशी जपानच्या 'फॅमिकॉम'च्या नकला होत्या. त्या नकलांचे कौतुक करण्याचे कारण नाही. पण मे महिन्याच्या सुट्टीत एक कॅसेट साऱ्या इमारतीत फिरे. ती अडली की मुले फुंकर मारून पुन्हा बसवत. दिले-घेतले लक्षात ठेवणे, वेळेवर परत करणे, हे व्यवहाराचे पहिले धडे त्यातच मिळत. परवान्याला फुंकर मारता येत नाही आणि तो शेजारी देताही येत नाही.

कंपन्यांचीही बाजू आहे. सर्व्हर चालवायला खर्च येतो, चोरट्या प्रतींनी नुकसान होते, घरबसल्या खेळ मिळणे ही सोयही खरीच. पण खर्च आहे म्हणून ग्राहकाला अंधारात ठेवावे, असे होत नाही. शिवाय बोलले तर ऐकले जाते, याला दाखले आहेत. 2013 मध्ये मायक्रोसॉफ्टने 'एक्सबॉक्स वन'वर खेळ देण्याघेण्यावर बंधने जाहीर केली. त्यावर सोनीने अर्ध्या मिनिटाचीही नसेल अशी फीत काढली : एक माणूस दुसऱ्याच्या हातात खेळाची डबी देतो, बस्स! ग्राहकांचा रोष एवढा झाला, की जूनमध्येच मायक्रोसॉफ्टने बंधने मागे घेतली. त्याच कंपनीने 2018 मध्ये अपंग खेळाडूंसाठी मोठ्या बटणांचा खास रिमोट काढला; त्याचे खोकेदेखील हाताची बोटे नीट न चालणाऱ्याला उघडता यावे असे बनवले.

मागणे फार नाही. झिजणारा भाग बदलता यावा. जुना खेळ नव्या यंत्रावर चालावा. सर्व्हर बंद करताना खेळ घरच्या घरी चालेल अशी तजवीज करावी. आणि परवाना विकत असाल तर 'विक्री' हा शब्द वापरू नये. मुलांच्या हट्टापायी पन्नास हजारांची वस्तू घेताना आपण चित्र किती रेखीव आहे ते पाहतो. त्याच वेळी दुकानदाराला आणखी एक प्रश्न विचारावा : दहा वर्षांनी हे माझे असेल का?