कपाटातले फोन कोण वाजवतं?

मी एका अनुदानित माध्यमिक शाळेत लिपिक आहे. दाखले, बोनाफाईड, पगारबिलं ही माझी कामं. त्यात आता मुलांच्या फोनची भर पडली आहे. आमच्याकडे बरीच मुलं एसटीने येतात, म्हणून घरचे हातात फोन देतात. परिपाठाआधी तो बंद करून कार्यालयात जमा करायचा आणि शाळा सुटल्यावर न्यायचा, असा नियम आहे. वर्गवार कापडी पिशव्या आणि एक लोखंडी कपाट, एवढीच व्यवस्था.

बंद कोण करतं? नुसता मुका करून देतात. मग कपाट दिवसभर घरघरतं. मित्रमैत्रिणींचे फोन असतील म्हणावं, तर त्या सगळ्यांचे फोन त्याच कपाटात! पडद्यावर नावं दिसतात ती ‘आई’, ‘पप्पा’, ‘मम्मी नवीन नंबर’, एकदा तर ‘मामा ट्रॅक्टर’. पोरगं उचलत नाही म्हटल्यावर कार्यालयात फोन येतो. ‘‘मॅडम, जरा आमच्या पोराला देता का?’’ गणिताचा तास चालू आहे म्हटलं, तर ‘‘एकच मिनिट हो, येताना दळण आणायला सांगायचंय.’’

फ्रान्सने २०१८ साली शाळेतल्या मोबाइलवर कायद्याने बंदी घातली. ब्राझील, दक्षिण कोरियानेही २०२५ मध्ये तसे कायदे केले. सरसकट बंदी नको, पण शक्य तिथे फोन जमा करून घ्यावेत, असं दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये म्हटलं. ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वर्षांच्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ५७ टक्क्यांनी आठवडाभरात तो अभ्यासासाठी वापरला आणि ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी, असं ‘असर २०२४’ या शिक्षणविषयक सर्वेक्षणाचा अहवाल सांगतो. बंदी हवीच, याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. फोन जमा व्हायला लागल्यापासून मधल्या सुट्टीत गोंगाट वाढला, अशी तक्रार आमच्या एका सरांनी केली. मला ती शिफारसच वाटली.

पण सगळा नियम पोरांनाच? सकाळी परिपाठाला मोबाइलच्या दुष्परिणामांवर भाषण आणि संध्याकाळी ‘गृहपाठ ग्रुपवर टाकला आहे’. करोनात शाळा बंद होत्या तेव्हा हे ठीक होतं. आता फळा आहे, खडू आहे, मुलंही समोर आहेत. शिक्षकांची बाजूही सांगते : वरून ‘आजच, तातडीने’ माहिती मागवणारे निरोप भर तासाला त्यांच्या मोबाइलवर येऊन आदळतात. ते आधी थांबायला हवेत.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव इथे २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास गाव मोबाइल, टीव्ही बंद ठेवतं. त्यात मोठी माणसंही आली, म्हणून मला ते पटतं.

आमच्या पुढच्या पालकसभेत मी एवढंच मांडणार आहे : कार्यालयाचा नंबर डायरीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. आजारपण, मयत, एसटी बंद अशा वेळी जरूर फोन करा. मी स्वतः वर्गात जाऊन निरोप देईन. दळणाचं तेवढं सकाळीच सांगून ठेवा.