क्षमा मागताना

चूक झाल्यावर वापरण्यासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. ‘वाईट वाटते’, ‘खेद आहे’, ‘दिलगीर आहे’, ‘माफ करा’, ‘क्षमा असावी’ आणि अलीकडे सर्वांच्या जिभेवर रुळलेले ‘सॉरी’. हे शब्द आपण सहज एकमेकांच्या जागी वापरतो. परंतु त्यांचे वजन सारखे नाही. खेद कोणत्याही अप्रिय घटनेबद्दल वाटू शकतो, तिच्याशी आपला संबंध असो वा नसो. क्षमा मात्र कोणाकडे तरी मागावी लागते आणि ती मागताना ‘हे माझ्या हातून घडले’ असे मान्य करावे लागते.

हा फरक सार्वजनिक जीवनात किती मोठा ठरतो, ते आपण २०१९ साली पाहिले. जालियनवाला बाग हत्याकांडाला शंभर वर्षे पूर्ण होत असताना ब्रिटनच्या तत्कालीन पंतप्रधान थेरेसा मे यांनी संसदेत तीव्र खेद व्यक्त केला. अधिकृत क्षमायाचना मात्र केली नाही. ऐकणाऱ्यांना त्या दोन शब्दांमधले अंतर तत्काळ जाणवले.

आता आरोग्यक्षेत्रातील एक उदाहरण पाहा. १९३२ साली अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांची पाहणी सुरू केली. त्यांपैकी ३९९ जणांना उपदंश, म्हणजे सिफिलिस, झालेला होता. तुमच्या ‘दूषित रक्ता’वर आम्ही उपचार करीत आहोत, असे त्यांना सांगण्यात आले. प्रत्यक्षात, उपचार न केल्यास हा रोग शरीराची काय दशा करतो, याचे निरीक्षण चालले होते. १९४०च्या दशकात पेनिसिलिनसारखे गुणकारी औषध उपलब्ध झाले, तेही त्यांच्यापर्यंत पोहोचू दिले नाही. १९७२ मध्ये वृत्तपत्रांतून वाच्यता झाली, तेव्हा हा प्रकार थांबला.

१६ मे १९९७ रोजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी व्हाइट हाउसमध्ये त्याबद्दल क्षमा मागितली. तोवर त्या पुरुषांपैकी केवळ आठ जण हयात होते. पाहणी सुरू झाली तेव्हा क्लिंटन यांचा जन्मही झालेला नव्हता. मग त्यांनी क्षमा का मागावी? कारण ज्या शासनसंस्थेने अन्याय केला, तिचे उत्तरदायित्व त्या दिवशी त्यांच्याकडे होते. त्यांनी शासनाचे कृत्य लाजिरवाणे व वंशभेदी असल्याचे स्पष्ट म्हटले, आणि टस्कीगी विद्यापीठात वैद्यकीय नीतिशास्त्राचे केंद्र उभारण्यासाठी साहाय्य जाहीर केले. गेलेली आयुष्ये त्यामुळे परत आली नाहीत. परंतु त्या वृद्धांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना ‘तुमच्यावर अन्याय झाला, तुमचे काही चुकले नव्हते’ हे अधिकृतपणे ऐकावयास मिळाले.

आपल्या घरातील क्षमायाचनेचेही हेच तीन भाग असतात: काय चुकले ते नेमके सांगणे, ते आपल्याकडे घेणे आणि पुढे काय बदलेल ते ठरवणे. ‘तुला वाईट वाटले असेल तर सॉरी’ या वाक्यात यांपैकी एकही भाग नाही. उलट, वाईट वाटून घेणाऱ्यावरच त्यात ठपका येतो.

वयाने मोठ्या वाचकांना येथे एक विनंती. थोरांनी धाकट्यांची क्षमा मागावयाची नसते, असा संस्कार आपल्यापैकी अनेकांवर झालेला आहे. परंतु पंचवीस वर्षांपूर्वी सुनेला चारचौघांत लागेल असे बोललेला शब्द तिच्या मनात आजही असू शकतो. ‘त्या दिवशी मी तुला सर्वांसमक्ष टाकून बोललो, ते अन्यायाचे होते’ एवढे वाक्य मान कमी करत नाही. तिने त्यावर लगेच ‘जाऊ द्या’ म्हणावे, अशी अपेक्षा मात्र धरू नये. क्षमा मागणे आपल्या हाती आहे. ती कधी करावी, करावी की नाही, हे तिच्या हाती राहू द्यावे.

शुश्रूषा करणाऱ्यांचा प्रश्न अधिक अवघड आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या आईने तोच प्रश्न दहाव्यांदा विचारला आणि आपण तिच्यावर ओरडलो. अर्ध्या तासाने तिला ते आठवतही नाही. मग क्षमा कोणाची मागावयाची? अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अल्झायमरच्या रुग्णांना दुःखद व आनंददायक चित्रफिती दाखवल्या. रुग्ण पाहिलेले लवकर विसरले. त्यातून उमटलेली भावना मात्र काही काळ टिकून राहिली. म्हणजे आईला शब्द आठवत नसले, तरी उदासी तिच्यापाशी उरलेली असू शकते. अशा वेळी तिला जुनी घटना आठवून देऊ नये. जवळ बसावे, हात हातात घ्यावा, ‘मघाशी मी मोठ्याने बोललो, चुकले माझे’ असे शांत स्वरात म्हणावे आणि तिला आवडणारे काही करावे. तिला अर्थ उमगला नाही तरी स्वर पोहोचेल.

असे ओरडणे रोजचेच होऊ लागले, तर दर वेळी क्षमा मागून भागणार नाही. बहुधा आपली झोप अपुरी आहे आणि सारा भार एकट्यावर पडला आहे. अशा वेळी भावंडांना स्पष्ट सांगून आठवड्यातील दोन दिवस वाटून घ्यावेत, किंवा काही तासांसाठी मदतनीस ठेवावा, आणि आपल्या थकव्याविषयी डॉक्टरांशीही बोलावे. पुन्हा तसे घडू नये यासाठी केलेली ही व्यवस्था आईकडे मागितलेल्या क्षमेचाच भाग आहे.