तपासणारा हात कोणी पाहिला?

झाशीचे महाराणी लक्ष्मीबाई मेडिकल कॉलेज 1968 साली सुरू झाले. झाशी-ललितपूरकडचे आणि हद्दीपलीकडच्या मध्य प्रदेशातल्या खेड्यांतले रुग्ण तिथे येतात. अखिल भारतीय कोट्यातून मराठी मुले-मुलीही असल्या कॉलेजांत एमडी करायला जातात. तिथल्या मेडिसिन वॉर्डात पावसाळ्यात जे दिसते ते विदर्भ-मराठवाड्यालाही नवे नाही, म्हणून या अंकात त्याविषयी.

पहाटे एक तरुण शेतमजूर आणला जातो. पोटात कळ, दोन उलट्या, गिळायला त्रास. अंगावर खूण नाही, सूज नाही. अशा वेळी ‘गॅस्ट्रायटिस’ लिहून इंजेक्शन देणे सोपे असते, आणि डोळे जड दिसले तर सीटी ब्रेनची चिठ्ठी फाडणेही. पण शिकलेला रेसिडेंट आधी विचारतो, “रात को जमीन पे सोए थे क्या?” मग रुग्णाला छताकडे एकटक पाहायला सांगून पापण्या हळूहळू उतरतात का ते पाहतो. उशीवरून डोके उचलायला लावतो. मान उचलत नाही. एका श्वासात आकडे मोजायला सांगतो, आणि दर थोड्या वेळाने पुन्हा मोजून घेतो. मण्यार चावली आहे हे इतक्यात कळते. सर्पविषावरचे प्रतिविष सुरू होते, श्वासाची नळी घालायची तयारी वेळेत होते. अर्धांगवायूसारखा पडलेला हा माणूस पूर्ण बरा होऊ शकतो. मण्यारीच्या विषाने बाहुल्या विस्फारून स्थिर होतात तेव्हा मेंदू मृत झाल्याचा समज होण्याचा धोका असतो, प्रत्यक्षात रुग्ण शुद्धीत असून सारे ऐकत असतो. ही गोष्ट प्रत्येक इंटर्नला खाटेपाशीच, रुग्णाच्या समोर उभे करून सांगायला हवी.

दुसरे उदाहरण छातीचे. झाशीच्या आसपास दगडाच्या खाणी आणि क्रशर आहेत. खोकला, दम, वजन उतरलेले आणि एक्स-रेत डाग, एवढ्यावर क्षयाचा कोर्स सुरू होतो, कधी दुसऱ्यांदाही. ‘काम काय करता, किती वर्षे, धूळ किती’ हे विचारले तर सिलिकोसिसची शंका येते. शिवाय सिलिकोसिस असलेल्याला क्षय होण्याची शक्यता जास्त, म्हणजे दोन्ही एकत्र असू शकतात. थुंकीची तपासणी टाळता येत नाही. कामधंद्याचा इतिहास मात्र केसपेपरवर बहुतेकदा ‘लेबरर’ या एका शब्दात संपतो.

आता मुद्दा. आपण शिक्षक विद्यार्थ्याची केस ऐकतो, त्याचा हात पाहत नाही. राउंडला रेसिडेंट घडाघडा सांगतो: प्लीहा दोन बोटे, डाव्या तळाला श्वासाचे आवाज कमी. आपण पुढच्या खाटेकडे सरकतो. प्लीहा चाचपताना त्याने हात उजव्या इलिअक फॉसापासून वर आणला का, श्वास घ्यायला सांगून वाट पाहिली का, हे आपल्याला ठाऊक नसते. मायट्रल स्टेनोसिसचा मंद गुरगुराट डाव्या कुशीवर वळवून, बेलने, जरुरीप्रमाणे रुग्णाला थोडी हालचाल करायला लावून ऐकायचा असतो. उताण्या रुग्णावर डायफ्रॅम टेकवून ‘मर्मर नाही’ लिहिणाऱ्याला कोणी अडवत नाही. 2019 च्या बॅचपासून क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला, लॉगबुक आले. त्यावरच्या सहीला अर्थ तेव्हाच, जेव्हा सही करणाऱ्याने तपासणी स्वतः पाहिलेली असते.

सोनोग्राफी किंवा एकोला आमचा विरोध नाही. प्रोब हातात घेऊन विद्यार्थ्याने स्वतःचे फाइंडिंग लगेच पडताळावे, चुकले असेल तर त्याच खाटेपाशी पुन्हा हात लावावा. उलट अडचण तपासण्या नसतात तिथे येते. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना आता तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढावे लागतात; मध्यरात्री तिथे स्टेथोस्कोप, टॉर्च, बीपीचे यंत्र आणि हात.

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाचे रुग्ण रात्र रात्र जवळ बसून पाहिले: घाम, थंडगार हातपाय, नाडी, रक्तदाब. ती लक्षणे 1982 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली आणि पुढे प्राझोसिनने असंख्य जीव वाचले. ते संशोधन कोकणातल्या ग्रामीण आरोग्य केंद्रातल्या खाटेपाशी उभे राहिले.

आमचे म्हणणे आटोपशीर आहे. प्रत्येक युनिटने रोजच्या राउंडला एक विद्यार्थी आणि एक रुग्ण निवडावा. रुग्णाची परवानगी घ्यावी, पडदा ओढावा, बाईरुग्ण असेल तर सोबत परिचारिका असावी. विद्यार्थी पहिल्यापासून तपासेल, शिक्षक दहा मिनिटे न बोलता पाहील, मग हात धरून दुरुस्त करेल. विभागप्रमुखांनी या दहा मिनिटांत मीटिंग आणि फोन येऊ देऊ नयेत. ओपीडीची गर्दी खरी आहे, जागा रिकाम्या आहेत हेही खरे. तरी एका रुग्णापुरती सवड युनिटला काढता येते. सुरुवात वरिष्ठ प्राध्यापकांनी करावी, कारण ते खाटेपाशी थांबले तर सहायक प्राध्यापक आणि सीनियर रेसिडेंटही थांबतील.