आईला घरी सोडले, आता गणपतीचे काय?

श्रावण संपत आला की माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. आई बाहेर बाकावर बसलेली असते आणि मुंबईहून आलेला मुलगा आत येऊन हळू आवाजात विचारतो, "डॉक्टर, आईला परवाच घरी सोडलंय. यंदा गणपती दीड दिवसाचाच करावा म्हणतोय. की आणूच नये?"

पूर्वी मी "आणू नका" असे ठणकावून सांगत असे. स्वतःच्या घरीही तेच केले. वीसेक वर्षांपूर्वी वडील हृदयविकाराच्या झटक्यातून उठून घरी आले. मी डॉक्टरकीचा अधिकार गाजवून मूर्ती चुलत्यांकडे बसवायला लावली आणि वडिलांना आतल्या खोलीत ठेवले. दोन दिवस ते शेजारच्या आरत्या ऐकत पडून राहिले. जेवण घटले, झोप उडाली. तिसऱ्या दिवशी भर पावसात, काठी टेकत, ते एकटेच शेवाळलेली पाखाडी उतरून चुलत्यांच्या घराकडे निघालेले सापडले! तेव्हापासून माझे मत बदलले. रुग्णाची प्रकृती स्थिर असेल आणि त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांची हरकत नसेल, तर गणपती आणावा, नेहमीइतके दिवस आणावा. बदलायची ती कामाची वाटणी.

वडील आजारी असले तर हे त्यामानाने सोपे. त्यांना खुर्ची दिली की ते बसतात. मूर्ती मात्र उचलू देऊ नका. बायपास झाली असेल तर छातीचे हाड जुळायला दोन ते तीन महिने लागतात. खरी पंचाईत आई आजारी असली की होते. चाकरमानी घरी येतात आणि कालपर्यंत सलाईनवर असलेली बाई पहाटे चारला उठून वीस माणसांच्या मोदकांची उकड काढायला लागते. "तिला बसवतच नाही हो," असे मुले कौतुकाने सांगतात. बसवत नाही, कारण दुसरे कोणी उठत नाही.

त्याआधी हरतालिका येते. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू आणि पोटात पाणीसुद्धा नाही, म्हणजे साखर एकदम खाली येण्याचा धोका. दरदरून घाम, थरथर, बडबडणे ही त्याची लक्षणे. शुद्ध असेल तर लगेच साखरेचे पाणी द्यावे. यंदाचा उपास सुनेने धरला तर चालेल का, हे भटजींना विचारा. माझ्या अनुभवात बहुतेक भटजी डॉक्टरांपेक्षा समजूतदार असतात.

मोदकाला सगळे घाबरतात, लोणच्या-पापडाला कोणी घाबरत नाही. दिवसभराचे मीठ सगळे मिळून पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हृदय अशक्त झालेल्या माणसाच्या अंगात जादा मिठाने पाणी साठते. त्यातच लघवीची गोळी 'पूजेत सारखे उठावे लागते' म्हणून परस्पर बंद होते. स्टेंट बसवलेल्याची रक्त पातळ ठेवणारी गोळी तर एक दिवसही चुकता कामा नये.

पण मला सर्वांत जास्त भीती वाटते ती न बोलण्याची. छातीत दुखते, दम लागतो, पण सांगितले तर सगळ्यांचा विरस होईल, म्हणून विसर्जनापर्यंत कळ काढायची ही आपल्याकडची जुनी खोड. म्हणून घरातल्या एका माणसाने, शक्यतो नातवंडाने, रोज सकाळी आजीचे वजन करावे आणि पाय सुजले का ते बघावे. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर डॉक्टरांना कळवावे. छातीत दुखले किंवा दम वाढला तर घरगुती उपाय न करता १०८ ला फोन लावावा. फाईल आणि गोळ्यांची पिशवी आरतीच्या पुस्तकाशेजारीच ठेवा.

माझ्याकडच्या एका घरी हे सारे जमले. आजी स्वयंपाकघराच्या दारात खुर्चीवर बसून सांगत होती आणि दोन्ही मुलगे उकड मळत होते. मोदकांना जेमतेम पाच कळ्या पडल्या. आजीने नाक मुरडले, पण खाल्ला. चौथ्या रात्री ती तीन उशा घेऊन टेकून बसलेली नातीला दिसली. आजी "काही नाही गं" म्हणाली, पण नातीने मला फोन केला. आडवे झाल्यावर दम लागणे हे फुप्फुसात पाणी साठू लागल्याचे लक्षण आहे. रात्रीच जिल्हा रुग्णालयात नेले. दोन दिवसांत ती घरी आली आणि गौरी-गणपती जाताना ओटीवर बसून होती. पऱ्यापर्यंत जाण्याचा हट्ट तिने केलाच. नातीने नाही म्हटले, आणि आजीने ते ऐकले.