आरमाराचा अभिमान आणि फूटपट्टी

गेल्या शिवजयंतीस एका मंडळाच्या व्यासपीठावर मराठ्यांच्या आरमाराचे प्रतीक म्हणून जे लाकडी जहाज मांडले होते, ते इंग्रजांचे होते. हे मी खात्रीने सांगू शकतो, कारण ते मी बांधले होते.

ती ‘व्हिक्टरी’ची प्रतिकृती होती. १७६५ मध्ये पाण्यात उतरलेले, १०४ तोफांचे हे इंग्रजी युद्धजहाज. १८०५ मध्ये ट्राफल्गारच्या लढाईत नेल्सन याच जहाजावर पडला, आणि पोर्ट्समथ येथे ते आजही जपून ठेवलेले आहे. परदेशातून मागविलेल्या संचावरून, सरकारी निवासाच्या लहानशा बाल्कनीत, अडीच वर्षांचे रविवार खर्ची घालून मी त्याची प्रतिकृती केली. मंडळाच्या कार्यकर्त्यांनी ती मागितली, तेव्हा “हे जहाज आपले नव्हे” असे मी सांगितले होते. “डोलकाठीला भगवा लावला की झाले!” असे उत्तर मिळाले, आणि मी ती दिली. तोफांचे तीन मजले असलेल्या त्या इंग्रजी जहाजाकडे बोट दाखवून वक्त्यांनी आंग्ऱ्यांच्या पराक्रमाचे वर्णन केले, टाळ्या पडल्या, आणि त्या टाळ्यांत मीही सामील होतो.

मी मंडळाला दोष देत नाही. त्यांनी “मग मराठ्यांचे जहाज करून द्या” असे म्हटले असते, तर मला तोंड लपवावे लागले असते. कारण तो प्रयत्न मी पूर्वी केला होता आणि पहिल्याच फळीपाशी अडलो होतो. व्हिक्टरीच्या संचात प्रत्येक फळीवर क्रमांक होता. कोणता दोर किती जाड आणि त्याची गाठ कोठे, हे सारे छापलेले होते. गुराबेच्या बाबतीत माझ्यापाशी काय होते? ‘बलाढ्य’, ‘वेगवान’, ‘शत्रूच्या उरात धडकी भरविणारी’. विशेषणांवर भाषण तरते, लाकूड तरत नाही. जहाजाची सर्वांत अधिक रुंदी कोठे, पाण्याखाली ते किती, बरगड्या किती आणि कोणत्या अंतरावर, डोलकाठीचा पाय कोठे रोवलेला, या प्रश्नांची उत्तरे दिल्यावाचून लाकूड पुढे सरकू देत नाही. ४८ स एक या प्रमाणात, म्हणजे एका फुटास पाव इंच धरून काम करताना, पाव इंचाची चूक ही मूळ जहाजातील एका फुटाची चूक असते. ज्याला हे कळत नाही तो माझ्या छंदाला पोरखेळ म्हणतो. मी उलट असे म्हणतो की, ज्या आरमाराचे एकही जहाज आपल्याला फळी-फळीने सांगता येत नाही, त्याविषयीचा आपला अभिमान हाच पोरखेळ होय.

यावर दोन आक्षेप ठरलेले आहेत. पहिला असा की, भावना महत्त्वाची, तपशील नव्हे. शिवछत्रपतींनी आरमार उभारले ते भावनेवर नव्हे. त्याला सागवान लागले, सुतार लागले, लोखंड, दोर, डांबर आणि रोख पैसा लागला. ज्यांनी ते बांधले त्यांच्या दृष्टीने तपशील हेच आरमार होते. सुताराचे नाव, हत्यार आणि माप पुसून टाकायचे आणि सेनापतीचा जयजयकार तेवढा ठेवायचा, हा इतिहासाचा गौरव नव्हे. हा इतिहासाचा आळस आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आपले कारागीर कागदावर आराखडे काढीत नसत, आणि जहाजे तर उरलीच नाहीत. मग मापे आणायची कोठून? जहाजे उरली नाहीत हे खरे. १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गाखाली तुळाजी आंग्ऱ्यांचे आरमार जळाले, आणि त्या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूस होते, ही गोष्ट आपण व्यासपीठावरून सहसा सांगत नाही. परंतु जहाज जळाले म्हणजे सारी माहिती जळाली असे होत नाही. रॉबर्ट ऑर्म या अठराव्या शतकातील इंग्रज इतिहासकाराने गुराबेचे वर्णन केले आहे: दोन डोलकाठ्यांची गुराब सुमारे दीडशे टनांपर्यंत, तीन डोलकाठ्यांची तीनशे टनांच्या आसपास; लांबीच्या मानाने रुंद, उथळ पाण्यात चालणारी, पुढे टोकदार नाळ काढलेली, आणि त्या नाळेच्या रोखाने मारा करणाऱ्या दोन तोफा. गलबत सत्तर टनांच्या आतले, चाळीस-पन्नास वल्ह्यांचे. १८३४ मध्ये जॉन एडाय या जहाजबांधणीच्या अधिकाऱ्याने आपल्या किनाऱ्यावरील नौकांवर सचित्र निबंध प्रसिद्ध केला. पुढे पारी या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने युरोपाबाहेरील नौकांचे मोजून काढलेले नकाशे ग्रंथरूपाने छापले. त्यांत मुंबईची पत्तेमारीही आहे.

ही सारी नावे परक्यांची आहेत. त्यांनी हे आपल्यावरील प्रेमापोटी केले असे मानण्याचे कारण नाही. कोणाला व्यापार हवा होता, कोणाला सत्ता. पण त्यांनी मोजले, आणि मोजलेले टिकले. आम्ही गायिले, आणि गायिलेले हवेत गेले.

नोंदीचे महत्त्व ज्याला कळते तो कसा वागतो, याचे एक उदाहरण मुंबईच्याच गोदीतील आहे. ‘त्रिंकोमाली’ नावाचे जहाज वाडिया घराण्याच्या जमशेटजी बोमनजींच्या हाताखाली सागवानाचे बांधले जाऊन १८१७ मध्ये पाण्यात उतरले. त्याचे नकाशे इंग्लंडहून ‘जावा’ या जहाजाने निघाले होते. डिसेंबर १८१२ मध्ये अमेरिकनांनी ते जहाज जिंकले आणि नकाशे गेले. तेव्हा इंग्रजांनी काय केले? दुसरी प्रत पाठविली. दुसरी प्रत होती म्हणून पाठविली! मुंबईच्या सुतारांनी घडविलेले ते जहाज आज इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे तरंगत आहे. कचेरीत आयुष्य घालविणाऱ्या माझ्यासारख्या कारकुनाला या एका दुसऱ्या प्रतीत सबंध राज्यकारभार दिसतो.

आणि ज्याचा आराखडा नाही ते बांधताच येत नाही, हा समजही आता टिकत नाही. ‘कौंडिण्य’ हे शिवलेल्या फळ्यांचे जहाज अजिंठ्याच्या पाचव्या शतकातील चित्रावरून तयार झाले. आराखडा नव्हता. चित्रावरून तर्क केला, मद्रासच्या आय. आय. टी. मध्ये प्रतिकृतीच्या चाचण्या घेतल्या, आणि केरळच्या कारागिरांनी काथ्याच्या दोराने फळ्या शिवल्या. मे २०२५ मध्ये कारवार येथे ते नौदलात दाखल झाले. डिसेंबरात पोरबंदरहून निघून जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोहोचले. दीड हजार वर्षांपूर्वीच्या एका चित्रावरून जर समुद्र ओलांडणारे जहाज होते, तर अडीचशे वर्षांपूर्वीच्या गुराबेची दोन हात लांबीची प्रतिकृती आपल्या हातून का होऊ नये?

माझ्या समव्यसनी मित्रांनाही दोन शब्द. इटलीचे आणि स्पेनचे संच जोडण्यात कौशल्य लागते, मी ते हिणवीत नाही. हात तेथेच तयार होतो. पण तयार झालेला हात शेवटी कशासाठी? त्या संचांत आधी सांगाडा उभा करून त्यावर फळ्या बसवितात. केरळातील बेपूरचे कारागीर ‘उरू’ बांधताना आधी फळ्यांचे कवच रचतात आणि बरगड्या मागाहून घालतात. म्हणजे संचाची रीत आपल्या किनाऱ्याच्या नौकांना डोळे मिटून लावली, तर हाती येईल ती आपल्या वेषातील परकी नौकाच. येथे संच उपयोगी नाही. येथे विचारावे लागेल, मोजावे लागेल, आणि चुकावे लागेल.

चुकण्याची लाज नको. चूक लपविण्याची असावी. माझी सूचना अशी: ज्या भागाला लेखी वा चित्राचा आधार आहे तो सागवानात करावा, आणि जो तर्काने केला तो पांढऱ्या लाकडात, रंग न देता ठेवावा. पाहणाऱ्याला आपले ज्ञान आणि आपले अज्ञान दोन्ही एका दृष्टीत दिसतील. पुढे कोणास आधार सापडला, तर पांढरी फळी काढून सागवानी बसवावी.

महाराष्ट्राबाहेरील मंडळांनाही एक काम सांगतो. आपल्यापैकी अनेकजण रजेत कोकणात जातात. पावसाळ्याच्या तोंडावर मासेमारी थांबते आणि होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. लाकडाची जागा फायबर वेगाने घेत आहे. लाकडी होडी बांधणारे हात दरवर्षी थोडे होत आहेत. आंबे आणायला जाताना खिशात एक मोजपट्टी न्यावी. एका जुन्या होडीची लांबी, रुंदी, बरगड्यांतील अंतरे उतरवून घ्यावी, आणि ती बांधणाऱ्याने प्रत्येक भागाला दिलेले नाव त्याच्याच उच्चाराने लिहावे. ही होडी म्हणजे गुराब नव्हे. पण गुराब बांधणाऱ्यांची रीत कोठे उरली असेल तर ती अशाच हातांत असेल. उत्तम भाषणास मंडळे ढाल देतात; एखादी ढाल अशा एका वहीस द्यावी.

व्हिक्टरी मी घरी आणली, भगवा उतरवून घडी करून ठेवला, आणि तिच्या खाली तिचे खरे नाव लिहिले. सध्या एका गलबताचे काम चालू आहे. त्यात सागवान थोडे आहे आणि पांढरे लाकूड फार. पुढल्या शिवजयंतीस ते पुरे होणार नाही. ते अपुरे जहाज, सोबत काय ठाऊक नाही त्याच्या यादीसह, मी मंडळाला देऊ करणार आहे. टाळ्या पडोत वा न पडोत, त्यावर भगवा लावताना मला मान खाली घालावी लागणार नाही.